बंदुकीच्या सिनेमात हिशेब कुणाचा?

आम्ही जुहूच्या बायका बोलतोय. 'शोले'तले जय आणि वीरू, म्हणजे अमिताभ आणि धर्मेंद्र, दोघांचेही बंगले आमच्या जुहूत. त्यामुळे डाकूंचे सिनेमे हा आमच्या गप्पांचा नेहमीचा विषय. आज त्याच गप्पांत तुम्हीही या.

'शोले' आला १९७५ साली. उजाड माळ, घोडे, लुटलं जाणारं गाव आणि गाव वाचवायला पैसे देऊन आणलेले शूर गडी, ही सगळी चाल अमेरिकेतल्या काऊबॉय सिनेमांची. आम्हाला त्यात आवडते ती बसंती. टांगा हाकून स्वतःचं पोट भरते, कुणापुढे दबत नाही. पण विधवा राधाच्या लग्नाची बोलणी करतात सासरा आणि वडील. गब्बर पकडला जातो, गाव सुटतं; राधाच्या पदरात काय पडतं? पुन्हा एकटेपण.

अमेरिकेतला 'अनफरगिव्हन' हा १९९२ चा सिनेमा बघा. कोठीवरच्या एका बाईचा चेहरा एक गुराखी सुरीने चिरतो. फौजदार भरपाई ठरवतो घोड्यांची, आणि ती मिळणार कोठीच्या मालकाला! म्हणजे जखम बाईची आणि नुकसान मालकाचं. तेव्हा तिथल्या बाया आपापली शिल्लक एकत्र करून गुन्हेगारांवर इनाम लावतात. पुढे रक्तपात होतो, तो आम्हाला पटत नाही. पण बाया पैसे का जमवतात, हे मात्र नीट कळतं.

आणि आपला १९५७ चा 'मदर इंडिया'. सासूने सावकाराकडून ५०० रुपये घेतलेले. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नाही. पिकाचे चारातले तीन वाटे सावकाराच्या घरात जातात. बिरजू डाकू होतो तो या वहीपायी. शेवटी तो गावची मुलगी पळवतो, तेव्हा आईच त्याला गोळी घालते. आई बरोबर की चूक, यावर आमच्यात अजून भांडण होतं.

हे नुसतं सिनेमातलं नाही बरं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, ते सावकारांची कर्जखतं जाळायला. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. ते शेतकरी काही डाकू नव्हते. त्यांचा रोख होता कागदावर.

म्हणून आमचं मत असं, की डाकूचा सिनेमा जरूर बघा, शिट्ट्याही मारा. पण बघताना विचारा, हिशेब कुणी लिहिला आणि नुकसान कुणाचं धरलं? आणि गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा कागद आला, तर एकीने तो मोठ्याने वाचावा, सगळ्यांनी ऐकावा, मगच सही किंवा अंगठा. बिरजूच्या आजीला असं वाचून दाखवणारं कुणी असतं, तर त्याच्या हातात बंदूक आली असती का? बोला यावर गटात.