वाघाळ्याची भूमि



ज्युबिलीच्या दिवशीं देवळाचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. मीं मात्र आज आपल्या पायांखालच्या भूमीविषयीं बोलण्याचें योजिलें आहे.

नांदेड शहर गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलें. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग यांनीं तेथें देह ठेविला, आणि त्या तीराची कीर्ति सर्वत्र पसरली. दक्षिणेकडील वाघाळा हें शेतकऱ्यांचें गांव होतें; त्याची वार्ता कोण घेणार? पुढें सिडकोनें इकडे वसाहत उभारिली. विष्णुपुरीस १९८१ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, १९९४ सालीं विद्यापीठ आलें. १९९७ सालीं महानगरपालिका झाली, तेव्हां तिच्या नांवांत नांदेडाशेजारीं वाघाळा बसलें. परंतु तें कागदावरच! कोणीं पुसलें, तर आपण ‘सिडकोंत राहतों’ असें सांगतों. मीहि तेंच सांगत आलों. वास्तविक सिडको हें गांव नव्हे, तें सरकारी महामंडळ होय.

आपला धर्मप्रांत १९७७ सालचा. म्हणजे या मातींत आपण कालचेच पाहुणे. ज्यांच्या ज्वारीच्या शेतांवर आपलीं घरें उभीं आहेत, त्यांचीं मुलें-नातवंडें अजून गांवठाणांत आहेत. त्यांपैकीं किती जणांस आपण नांवानें ओळखतों?

आज मिस्सेनंतर मंडपांत भोजन आहे. गांवठाणांत आमंत्रण देण्याचें माझ्या ध्यानांत आलें नाहीं, हा दोष माझा. पंगत बसावयास अद्याप दोन तास आहेत. मी स्वतः निघतों, कोणी दोघे-चौघे सोबत यावे.