रंगाची वाट पाहणारें सैन्य

इंग्लंडांतील एखाद्या मध्यमवर्गीय घरांत, रात्रीचें जेवण आटोपून घरचीं माणसें निजावयास गेल्यावर, एक प्रौढ गृहस्थ टेबलावरील दिव्याखालीं बसलेला दिसतो. त्याच्यासमोर बुचाच्या तुकड्यावर चिकटविलेला एक शिपाई असतो. उंची बोटाच्या पेराएवढी. शिपायाच्या खांद्याला बंदूक आहे, पाठीला पडशी आहे, छातीवर आडवे गेलेले दोन पट्टे आहेत. पण अंगावर रंग नाहीं. ओतकामांतून जसा करडा बाहेर पडला, तसाच तो राहिला आहे. गृहस्थ कुंचला उचलतो, पाण्यांत बुडवितो, क्षणभर थांबतो आणि खालीं ठेवतो. पलीकडच्या कपाटांत असे आणखी तीनशें शिपाई खोक्यांतून पडलेले आहेत, हें त्याला आठवलेलें असतें. "उद्यां पाहूं" असें म्हणून तो दिवा मालवितो. हा उद्यां कित्येक घरांत दहा दहा वर्षें उगवत नाहीं. ह्या छंदाच्या लोकांनीं कपाटांतील त्या राशीला "शिशाचा डोंगर" असें नांवच देऊन टाकलें आहे. आतां त्यांतील पुष्कळसा माल प्लॅस्टिकचा असतो. पण डोंगर तो डोंगरच.

ज्या खेळासाठीं हें सैन्य जमवावयाचें, तो टेबलावरील युद्धाचा खेळ होय. मोठ्या मेजावर टेकड्या, कुंपणें, ओढे आणि खेडीं मांडावयाचीं. दोन बाजूंस दोन सेनापति उभे राहावयाचे. पट्टीनें अंतर मोजून पलटणी पुढें सरकवावयाच्या. आणि गोळीबारांत कितीजण पडले, तें फांसे टाकून ठरवावयाचें. नियम पाहिले तर रंगाची गरज कोठेंच लागत नाहीं. रंगीत शिपाई फांशाच्या ज्या दानाला पडतो, त्याच दानाला करडाहि पडतो. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालीं रायस्वित्स नांवाच्या अधिकाऱ्यानें जो युद्धखेळ मांडला, त्यांत तर शिपाई नव्हतेच. नकाशावर सरकवावयाचे लाल व निळे ठोकळे होते, आणि त्यांवरच खरे सेनाधिकारी युद्धाचे धडे गिरवीत.

तेव्हां प्रश्न असा कीं, ज्या कामावांचून खेळ अडत नाहीं, जें करावयास कोणी सांगितलेलें नाहीं आणि ज्याची मजुरीहि कोणी देणार नाहीं, त्या कामाचा हुरूप आणावा कोठून? एका शिपायास एक तास धरला आणि आठवड्यास पांच तास सवड मिळाली, तर तीनशें शिपायांस साठ आठवडे लागतात. घोडेस्वार असले कीं घोड्याचे तास वेगळे.

पूर्वीं हा प्रश्न उद्भवत नसे, कारण रंगविणारा निराळा आणि खेळणारा निराळा होता. जर्मनींतील न्युरेंबर्ग शहरीं कथलाच्या चपट्या शिपायांचा मोठा धंदा चाले. ते रंगविण्याचें काम बहुतेक आसपासच्या घरांतून बायका आणि मुलें करीत, आणि मजुरी नगावर मिळे, तीहि अगदीं थोडी. लाल कोट झाला कीं निळा, निळा झाला कीं पुन्हां लाल. त्या घरांत हुरुपाची गोष्ट कोणी काढली असेल असें वाटत नाहीं. संध्याकाळची भाकरी त्या कुंचल्यावर अवलंबून होती. पुढें लंडनच्या ब्रिटन कंपनीनें १८९३ पासून आंतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतावयास सुरुवात केली. ते हलके व स्वस्त पडत. तेहि रंगूनच, लाल पेटींत दोऱ्यानें बांधलेले, दुकानांत येत. कादंबरीकार एच्. जी. वेल्स ह्यानें १९१३ सालीं "लिटल वॉर्स" हें ह्या खेळाचें पुस्तक लिहिलें तें अशाच तयार शिपायांच्या भरंवशावर. त्याच्या खेळांत गोळीबारासाठीं फांसे नव्हते. खेळण्यांतल्या तोफेंतून लांकडी खुंटी उडवून समोरचा शिपाई खरोखरच आडवा करावयाचा. मोठ्या युद्धापेक्षां हें लहान युद्ध किती तरी बरें, असें त्यानें पुस्तकाच्या अखेरीस बजावलें होतें. पुढच्याच वर्षीं मोठें युद्ध सुरू झालें.

स्थिति पालटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५९ सालीं एअरफिक्स ह्या ब्रिटिश कंपनीनें मऊ प्लॅस्टिकचे, इंचाहूनहि लहान शिपाई विकावयास काढले. एका खोक्यांत चाळिसांच्या वर शिपाई, आणि किंमत शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी. मात्र ते बिनरंगाचे होते. रंगारणीची मजुरी गाळली गेली आणि तें काम गिऱ्हाइकाच्या गळ्यांत आलें. शनिवारीं बाजारांत जाऊन तीन खोकीं घेण्यास पांच मिनिटें लागतात. तीं रंगवावयास हिवाळा पुरत नाहीं. आणि पुढच्या शनिवारीं नवीं खोकीं दुकानाच्या कांचेआड उभींच असतात. शिशाचा डोंगर आळसानें उभा राहतो असें छंदी लोक स्वतःलाच दूषण देऊन म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. तो मुख्यतः स्वस्ताईनें उभा राहिला.

त्यांत मऊ प्लॅस्टिकवर रंग धरत नसे. संगीन किंचित् वांकली कीं तिच्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून येई. मग कोणी शिपायांस आधीं साबणाच्या पाण्यानें धुई, कोणी सुताराचा पांढरा गोंद पातळ करून त्याचा एक हात देई. आज ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे. अठ्ठावीस मिलिमीटरचे शिपाई धातूचे किंवा कडक प्लॅस्टिकचे असतात, अस्तराचा रंग फवाऱ्यानें देतां येतो, वरचे रंग पाण्यांत कालवतां येतात आणि कांहीं मिनिटांत वाळतात. इतकें असूनहि डोंगर हालत नाहीं.

ज्यांचे डोंगर हालले, त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते शिपाई एकेक घेत नाहींत आणि पन्नासहि घेत नाहींत. लांकडाच्या पट्टीवर आठ-दहा शिपाई ओळीनें चिकटवितात. दहाहि जणांचे कोट लाल करावयाचे; शेवटच्याचा कोट होईपर्यंत पहिल्याचा वाळलेला असतो. मग दहांचे पट्टे, दहांच्या बंदुका, दहांचे बूट. सगळ्यांवर एक पातळसा गडद रंग सोडला कीं तो घड्यांत व खांचांत उतरून आपोआप सावली पाडतो. एकेकच शिपाई पुरा करीत गेलें तर रंग बदलण्यांतच रात्र सरते. पन्नास एकदम घेतले तर तिसाव्या पट्ट्यापाशीं माणूस उठून जातो. दहा ही संख्या कोणा शास्त्रज्ञानें ठरविलेली नाहीं, ती मानेच्या दुखण्यानें ठरविली आहे.

दुसरी रीत म्हणजे तीन फुटांची. खेळतांना शिपाई डोळ्यांपासून साधारण तीन फुटांवर असतो. तेथून जें दिसतें तेवढेंच रंगवावें. चेहरा, निशाण आणि पायाखालची गवताळ जमीन चांगली झाली, कीं बाकीचें पाहणाराचा डोळा आपण होऊन भरून काढतो. जो पहिल्याच शिपायाच्या डोळ्यांतील बाहुली काढीत बसला, त्याचे उरलेले दोनशें नव्याण्णव कपाटांत राहिले असें खुशाल समजावें. प्रदर्शनांत मांडावयाची एकच मूर्ति असेल तर गोष्ट वेगळी. पण पलटण ही पलटण म्हणूनच पाहिली जाते. साउदॅम्प्टनचे डोनल्ड फेदरस्टोन ह्यांनीं १९६२ सालीं "वॉर गेम्स" हें पुस्तक लिहून ह्या छंदाला नवें वळण दिलें. ते दुसऱ्या महायुद्धांत रणगाडा दलांतून इटलींत लढले होते. खरा रणगाडा आंतून पाहिलेल्या ह्या गृहस्थांनीं पुढचें आयुष्य टेबलावरच्या पलटणी लढविण्यांत आणि त्यांविषयीं लिहिण्यांत घालविलें. त्यांच्या पिढीचे शिपाई आजच्या रंगाऱ्यांना ओबडधोबड वाटतील. पण ते मेजावर येत, लढत आणि हरतहि.

महाराष्ट्रांतील मुलांना ही गोष्ट निराळ्या वाटेनें ठाऊक आहे. दिवाळींत अंगणाच्या कोपऱ्यांत दगडमातीचा किल्ला करावयाचा, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणावयाची, माथ्यावर शिवाजी महाराज आणि बुरुजांवर मावळे बसवावयाचे. मातीचे मावळे बाजारांत रंगूनच मिळतात. पण गेल्या वर्षींच्या एखाद्या मावळ्याचा रंग उडाला असेल आणि तो घरीं रंगवावयाचा असेल, तर तें काम दिवाळीच्या आंत होतें म्हणजे होतेंच. दिवाळी पुढें ढकलतां येत नाहीं, आणि शेजारच्या वाड्यांतला किल्ला पुरा होत आलेला दिसत असतो.

इंग्लंडांतील रंगाऱ्यालाहि अशी एखादी दिवाळी लागते. "एक दिवस माझें सारें सैन्य तयार होईल" ह्या वाक्यानें आजवर कोणाचेंहि सैन्य तयार झालेलें नाहीं. "पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं मित्र आपले फ्रेंच घेऊन येणार आहे" ह्या वाक्यानें पुष्कळांचीं झालीं. मित्राचे फ्रेंच चाळीस असतील, तर आपले इंग्रज चाळीस पुरेत. त्या रविवारच्या लढाईंत जी पलटण शौर्यानें उभी राहते, तिच्या शेजारीं दुसरी उभी करावीशी वाटते. हुरूप आधीं येतो आणि मग काम होतें, ही समजूत येथें उलटी ठरते. पहिली पट्टी बहुधा कंटाळ्यांतच रंगलेली असते.

तरीहि तारखेनें सर्व भागत नाहीं. दोनशेंवा शिपाई पहिल्यासारखाच असतो, त्याच्याविषयीं आस्था वाटावी कशी? ह्याचें उत्तर विल्यम सायबोर्न ह्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या चरित्रांत सांपडतें. मात्र तें उत्तर त्याला फार महाग पडलें. सायबोर्न स्वतः वाटर्लूच्या लढाईंत नव्हता. १८३० सालीं त्या रणांगणाची प्रतिकृति तयार करण्याचें काम त्याच्याकडे आलें. ला ए सँत ह्या शेतवाडींत आठ महिने मुक्काम करून त्यानें जमिनीची मोजणी केली. मग हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रें धाडून त्यानें विचारलें कीं, १८ जून १८१५ रोजीं संध्याकाळीं सातच्या सुमारास, नेपोलियनचें खासें पायदळ टेकडी चढून येत असतां, तुमची पलटण कोणत्या रचनेंत उभी होती, समोर शत्रु कोठें होता, आणि पायाखालीं पीक कोणतें होतें? शेंकडों उत्तरें आलीं. कोणाचे मित्र तेथें पडले होते, कोणी स्वतः जखमी झाले होते. आणि पंधरा-वीस वर्षांनंतर हा अनोळखी माणूस त्यांना तेथल्या पिकाविषयीं विचारीत होता. त्या पत्रांमुळें मेजावरची जागा न् जागा कोणाच्या तरी आठवणीची झाली.

प्रतिकृतींत सत्तर हजारांहून अधिक शिपाई उभे राहिले. प्रत्येकाची उंची सुमारें एक सेंटिमीटर, आणि प्रत्येक शिपाई दोन माणसांच्या जागीं. १८३३ सालीं सरकारनें पैसा बंद केला, तरी सायबोर्ननें काम बंद केलें नाहीं. तो कर्ज काढीत गेला. १८३८ सालीं लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्यें प्रतिकृति मांडली गेली. एक शिलिंग देऊन सुमारें एक लाख लोकांनीं ती पाहिली. पण सुमारें तीन हजार पौंडांचा खर्च त्याच्या हातीं परत आला नाहीं. प्रशियन फौज किती आणि कोठवर आली होती, ह्यावरून वेलिंग्टनच्या पक्षाशीं वाद माजला, आणि अखेर त्यानें हजारों प्रशियन शिपाई उचलून टाकले. तयार शिपाई उचलून टाकणें म्हणजे काय, हें ज्यानें एक तरी पलटण रंगविली आहे त्यालाच कळावें. एवढें होऊनहि त्यानें लढाईच्या दुसऱ्या एका प्रसंगाची, मोठ्या शिपायांची, आणखी एक प्रतिकृति केली. १८४९ सालीं तो वारला. पहिली प्रतिकृति आज लंडनच्या चेल्सी भागांत राष्ट्रीय सेना संग्रहालयांत आहे, दुसरी लीड्स येथें आहे. हुरूप कमी पडल्यामुळें नुकसान झालेले लोक पुष्कळ भेटतात. सायबोर्नचें नुकसान तो अतोनात असल्यामुळें झालें.

तीच लढाई जून २०१९ मध्यें स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं पुन्हां मांडली गेली, ती मात्र मेजावरचा खेळ म्हणून. वीस हजारांहून अधिक शिपाई, अठ्ठावीस मिलिमीटरचे आणि सर्व हातानें रंगविलेले. ते एका माणसाच्या कर्जावर उभे नव्हते. ठिकठिकाणच्या छंदी लोकांनीं आपापल्या घरीं वांटणी घेऊन ते रंगविले होते, आणि लढाईचा दिवस आधींच ठरलेला होता. हा खेळ "वॉटर्लू अन्कव्हर्ड" ह्या संस्थेच्या मदतीसाठीं होता. युद्धांत शरीरानें किंवा मनानें जायबंदी झालेल्या आजच्या सैनिकांना बरोबर घेऊन ही संस्था वाटर्लूच्या रणभूमीवर उत्खनन करते.

खेळानंतर महिन्याभरानें, जुलैमध्यें, संस्थेचे लोक माँ सँ जाँ येथील शेतवाडीजवळ खणीत होते. लढाईच्या दिवशीं इंग्रज बाजूचें रुग्णालय तेथेंच होतें. जमिनीखालीं पायांचीं हाडें सांपडलीं. शस्त्रवैद्यांनीं कापून काढलेल्या पायांचीं. ती बातमी ग्लासगोला शिपाई पाठविलेल्या अनेक घरांत वाचली गेली असेल.

वाटर्लूच्या इंग्रज पायदळाची विजार करडी होती. लाल कोट झाले, पांढरे पट्टे झाले, कीं मग पट्टीवरच्या दहा शिपायांचे वीस पाय रंगवावयाचे राहतात. तें काम सोपें आहे. पण दोन पायांच्या मधल्या फटींत कुंचल्याचें टोंक नेमकें शिरवावें लागतें, आणि त्यासाठीं दिवा थोडा जवळ ओढावा लागतो. मित्र यावयाचा तो रविवार अजून नऊ दिवसांवर आहे.