उवेच्या विष्ठेतला जिवाणू

आजचा विषय ऐकून कुणी नाक मुरडू नये. उवेच्या काळपट, कोरड्या विष्ठेत एक नवा जिवाणू सापडला, आणि तो नेमका कोण हे ठरवायला शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या.

1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात, पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत सैनिकांना एक चमत्कारिक ताप येऊ लागला. नडग्या ठणकत, ताप उतरे आणि साधारण पाच दिवसांनी पुन्हा चढे. माणूस सहसा दगावत नसे, पण कित्येक आठवडे निकामी होई. संशय गेला तो कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवांवर. 1918 मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या इस्पितळात स्वयंसेवक पुढे आले. रुग्णांचे रक्त प्यालेल्या उवांची विष्ठा या स्वयंसेवकांच्या ओरखडलेल्या त्वचेवर चोळली, आणि त्यांना तोच ताप आला. म्हणजे अंग खाजवताना माणूस आपल्याच हाताने रोग जखमेत घासत होता! त्या स्वयंसेवकांपुढे मी नतमस्तक आहे.

आता ओळख पटवायची कशी? इथे आर्थर बेकॉट यांचे नाव घ्यायलाच हवे. हे गृहस्थ लंडनमध्ये वर्षानुवर्षे कारकुनी करत आणि फावल्या वेळात कीटक पाळत. पुढे ते लिस्टर या वैद्यकीय संशोधन संस्थेत आले. ज्या प्लेगने 1896 पासून मुंबईची आणि मग पुण्याची दैना केली, त्याचे जिवाणू पिसवेच्या जठराचे तोंड कसे बुजवतात, हे त्यांनी आपले सहकारी मार्टिन यांच्याबरोबर 1914 मध्ये दाखवले होते. उवांच्या विष्ठेचा पातळ थर काचेवर पसरून गिम्सा रंगाने रंगवला की जांभळट, इवलेसे ठिपके दिसत. रुग्णाचे रक्त प्यालेल्या उवेत ते पाच ते बारा दिवसांनी उमटत आणि ती जिवंत असेतो विष्ठेतून पडत राहत. हे ठिपके म्हणजेच तो जिवाणू; त्याला ‘रिकेट्सिया क्विंटाना’ म्हटले गेले.

पण धडधाकट माणसांवर पोसलेल्या उवांतही कधी कधी हुबेहूब तसेच ठिपके आढळत. त्यांना ‘रिकेट्सिया पेडिक्युली’ असे वेगळे नाव मिळाले होते. सूक्ष्मदर्शकातून दोघांत फरक करता येईना. 1920 मध्ये वॉर्सात काम करताना बेकॉट यांना स्वतःलाच हा ताप आला, आणि बरे झाल्यावरही त्यांच्या रक्तावर पोसलेल्या उवांत ते ठिपके येत राहिले. 1921 मध्ये त्यांनी लिहिले, हे दोन्ही बहुधा एकच. 1922 मध्ये कैरोत टायफस या उवांमुळेच पसरणाऱ्या दुसऱ्या तापावर काम करताना त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला.

माझ्या मते खरा धागा आधीपासून समोर होता. टायफसचा जिवाणू उवेच्या आतड्यातल्या पेशींच्या आत शिरतो. हा पेशींच्या बाहेरच राहतो. तरी त्याला टायफसच्या जिवाणूच्याच, म्हणजे रिकेट्सियाच्या, गोतात बसवले गेले. 1961 मध्ये व्हिन्सन आणि फुलर यांनी तो रक्तमिश्रित अगारवर वाढवून दाखवला, जे खऱ्या रिकेट्सियाला कधीच जमत नाही. पुढे डीएनएची तुलना झाली आणि 1993 मध्ये तो ‘बार्टोनेला क्विंटाना’ झाला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बेघर रुग्णांच्या रक्तातून हा जिवाणू वाढवून ओळखता आला. अंगावरच्या कपड्यांखेरीज ज्याच्याकडे बदलायला दुसरे कपडे नाहीत, त्याला आजही हा रोग गाठतो. औषध आहेच, पण धुतलेले कपडे आणि कढत पाणी त्याला आधी मिळाले पाहिजे.