पडक्या वाड्याची किंमत

सोन्याचा भाव तोळ्यावर सांगता येतो, धान्याचा पोत्यावर सांगता येतो. नव्या इमारतीतील सदनिकेचा भावही चौरस फुटांवर सांगून मोकळे होता येते. पण पुण्याच्या कसबा, शनिवार किंवा सदाशिव पेठेत एखादा दीड-दोनशे वर्षांचा वाडा विकावयास निघाला की त्याची किंमत कोणी सांगावी आणि कशाच्या आधाराने सांगावी, असा मोठा पेच पडतो. वारसदार एक आकडा सांगतात, दलाल दुसरा सांगतो आणि इमारती बांधणारा व्यावसायिक तिसरा. तिघेही खोटे बोलत असतात असे नव्हे. पहिला आठवणींची किंमत करतो, दुसरा शेजारच्या व्यवहाराची आणि तिसरा केवळ वाड्याखालच्या जमिनीची. खुद्द वाड्याची किंमत मात्र कोणीच केलेली नसते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी वस्त्यांत ज्यांची घरे आहेत, त्यांनाही हा अनुभव अपरिचित नसावा.

हे वाडे अशा अवस्थेला का आले, हे आधी पाहिले पाहिजे. मालकांचा आळस एवढे एकच कारण देणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्याची सांगड १ सप्टेंबर १९४० या दिवसाच्या भाड्याशी घातली. टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु काळ पुढे गेला, चुना, लाकूड आणि मजुरी यांचे दर कितीतरी पटींनी वाढले, आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण तिचा पाया मूळ भाड्याचाच. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न कौले चाळण्यासही पुरत नाही, त्याची डागडुजी कोण करणार? त्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पुराच्या पाण्यात विरघळल्या. शिवाय एका मालकाचे पुढे आठ, आठांचे पंचवीस वारस झाले. घर सर्वांचे झाले, म्हणजे कोणाचेच राहिले नाही.

अशा घराची किंमत करण्याची रूढ पद्धत सोपी आहे. जमिनीचे क्षेत्रफळ घ्यावे, सरकारी शीघ्रसिद्धगणकातील अथवा बाजारातील दराने गुणावे, आणि घसारा लावून इमारतीची किंमत जवळजवळ शून्य धरावी. सागवानी तुळया आणि सुरुदार खांब जुन्या बाजारात काय मिळवतील, तेवढे त्यात मिळवावे. या हिशेबात चूक काहीच नाही. मात्र वाडा पाडावयाचा हा निर्णय त्यात आधीच होऊन गेलेला असतो. ज्याचा आकडा शून्य मांडला, ते वाचविण्याचे कारण कागदावर उरत नाही.

ज्याला वाडा राखून त्यात राहावयाचे आहे, त्याने हिशेब उलट्या टोकाने करावा. संपूर्ण दुरुस्ती होऊन घर राहण्याजोगे झाल्यावर त्याला बाजारात काय किंमत येईल, हे प्रथम ठरवावे आणि तेथून मागे यावे. उदाहरणादाखल काही आकडे कल्पू. समजा, तयार घराची किंमत ४ कोटी रुपये आहे. दुरुस्तीचा अंदाज १ कोटी ६० लाख. वास्तुतज्ज्ञाचे शुल्क व परवानग्या २० लाख. दोन वर्षांचे व्याज व कर ३५ लाख. काम उघडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित खर्चासाठी राखीव ३० लाख. आणि इतकी जोखीम पत्करणाऱ्याचा वाजवी मोबदला ४० लाख. ही बेरीज २ कोटी ८५ लाखांची झाली. म्हणजे आज त्या पडक्या वाड्याला १ कोटी १५ लाख देणे योग्य. आता दुरुस्तीचा खर्च केवळ पाव हिश्शाने, म्हणजे ४० लाखांनी वाढला, तर तीच किंमत ७५ लाखांवर येते. दुरुस्तीच्या अंदाजातील २५ टक्क्यांची चूक किंमतीत सुमारे ३५ टक्क्यांची होऊन बसते. अशा घराच्या व्यवहारात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दुरुस्तीचा खरा अंदाज, हे यावरून ध्यानात यावे.

हा अंदाज डोळ्यांना दिसणाऱ्या पडझडीवरून करता येत नाही. वाड्याचा भार बहुधा लाकडी सांगाड्यावर असतो. खांब, तुळया आणि त्यांवरील कड्या हा त्याचा अस्थिपंजर. भिंतीला पोक आलेले पाहून पाहणारा घाबरतो; परंतु भरावाची भिंत नव्याने रचता येते. त्याहून गंभीर दुखणी झाकलेली असतात. जोत्यावर टेकलेला खांबाचा पाय ओलाव्याने कुजला आहे काय, भिंतीत शिरलेले तुळईचे टोक वाळवीने पोखरले आहे काय, फुटक्या पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे कोठे मुरले आहे, हे पाहावे लागते. सिमेंटच्या गिलाव्याने गुळगुळीत केलेली मातीची किंवा चुन्याची भिंत दिसावयास धडधाकट असते. पण आतला ओलावा बाहेर पडण्याची वाट त्या गिलाव्याने बंद केलेली असते. विकणाऱ्याला वाटते, झाकली मूठ सव्वा लाखाची. येथे ती म्हण उलटी लागू पडते. जे झाकलेले असते त्याविषयी घेणारा वाईटात वाईट गोष्ट गृहीत धरतो आणि तेवढी किंमत कमी करतो. म्हणून वारसांनी जाणत्या अभियंत्याकडून चार फळ्या उचकटून तपासणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल ग्राहकापुढे ठेवावा. तो खर्च वाया जात नाही.

लाकडाइतकीच कागदाचीही तपासणी हवी. मिळकत पत्रिकेवर कोणाची नावे आहेत, वाटणीपत्र झाले आहे काय, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क ध्यानात घेतला आहे काय, हे प्रश्न किंमतीचेच आहेत. एका वारसाची सही राहिली तर बाकीच्या चोवीस सह्यांना फारसे मोल नाही. आणि भाडेकरू? हिशेबाच्या वहीत ते वजाबाकीच्या बाजूला मांडले जातात. पण मागच्या चौकातील दोन खोल्यांत ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या, त्यांच्यासाठी ते घरच असते. दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी जागा रिकामी करावी लागली, तरी परत येण्याचा हक्क सांभाळणाऱ्या तरतुदी कायद्यात आहेत. त्यांना घालवून देऊ, असे मनाशी धरून काढलेली किंमत हिशेबानेही खोटी आणि माणुसकीनेही खोटी.

एक प्रश्न मात्र मालकाच्या वहीत सुटत नाही. त्या जागी बहुमजली इमारत बांधण्यास परवानगी असेल, तर जमिनीची किंमत वाड्याच्या किंमतीहून बहुधा अधिक येते. वारसा म्हणून नोंद झाली की मालकाची ही संधी आक्रसते. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. वापरता न येणारा विकासहक्क दुसरीकडे विकण्याची सोयही करण्यात आली. हा मार्ग तत्त्वतः न्याय्य आहे. १८०७ साली पुरा झालेला विश्रामबागवाडा सार्वजनिक पैशातून राखला जातो, आणि ते योग्यच आहे. पण शेजारच्या बोळातील नाव नसलेल्या वाड्याने शहराचे सौंदर्य केवळ आपल्या मालकाच्या खर्चाने राखावे, अशी अपेक्षा आपण किती दिवस करणार? ज्याचा आनंद सर्वांनी घ्यावयाचा, त्याचा काही भार सर्वांनी उचलला पाहिजे. करातील सवलत, अल्प व्याजाचे कर्ज आणि परवानगीचा त्वरित निर्णय, एवढ्यानेही वर मांडलेला हिशेब पुष्कळ बदलेल.

शेवटी वारसदारांना एवढेच सांगावेसे वाटते की, अवाजवी किंमत धरून बसणे ही पूर्वजांच्या घराची बूज राखणे नव्हे. ग्राहक परत जातो, वर्ष उलटते, एक पावसाळा आणखी अंगावर येतो. दुरुस्तीचा खर्च वाढतो, तितकीच वाड्याची किंमत उतरते. आणि एके दिवशी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दिंडी दरवाजावर चिकटते. त्यानंतर विकावयास केवळ जमीनच उरते. ज्याला वाडा वाचावा असे मनापासून वाटते, त्याने वाडा उभा असतानाच त्याचा खरा हिशेब मांडावा.