कुत्र्याचे पाय लुळे पडतात तेव्हां

परतूरसारख्या गांवीं एखाद्या घरचा आठ-नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड मागचे पाय घासत चालूं लागला, कीं शेजारीपाजारी म्हणतात, ‘त्याच्या अंगावरून वारें गेलें.’ पण हें लक्षण झालें; रोगाचें नांव नव्हे.

प्रथम पाहावयाचें तें पिसाळण्याचें भय. आवाज बदलला, लाळ गळूं लागली, स्वभाव पालटला, तर तोंडांत हात न घालतां कुत्र्यास वेगळें ठेवावें व पशुवैद्यांस बोलवावें.

मणक्यांमधील गादी सरकून मज्जारज्जूवर दाब पडला असेल, तर बहुधा वेदना असतात. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास पुष्कळ कुत्रीं पुन्हां चालतात. उलट, मज्जारज्जूची झीज वेदनेवांचून हळूहळू वाढते. तिच्यावर उतारा नाहीं. तिच्याशीं निगडित जनुकदोष २००९ सालीं सांपडला. तथापि तो असलेलें प्रत्येक कुत्रें आजारी पडतेंच असें नाहीं. खात्रीचा निर्णय मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखालींच होतो. म्हणून जिवंतपणीं इतर कारणें एकेक करून वगळावीं लागतात. साध्या क्ष-किरण चित्रांत मज्जारज्जू दिसत नाहीं, त्यासाठीं एम. आर. आय. लागतो.

परतूरहून आगगाडीनें परभणी गांठतां येते. तेथें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दुखणें कधीं सुरू झालें, एक पाय कीं दोन, पाठीस हात लावतांच कळ येते काय, हें लिहून न्यावें. चालीचें चित्रण मोबाइलवर घ्यावें. ‘वयच झालें’ म्हणून झिजेचा शिक्का घाईनें मारूं नये. त्या शिक्क्याखालीं बरा होणारा जीवही हातचा जातो.