देहाची राखण आणि तिचे दप्तर

(रोडपाली येथे ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामस्थांपुढे दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या दिवसांत देवळाच्या इतिहासाविषयी आणि वाडवडिलांच्या श्रद्धेविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र आज निराळा विषय घेतला आहे. परमेश्वराने आपणांस जो देह दिला, त्याची रात्रंदिवस राखण कोण करतो, ती कशी चालते, आणि त्या राखणीत आपला स्वतःचा वाटा कोणता, ह्याचा थोडा विचार आपणांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे. विषय शास्त्राचा आहे खरा. पण ज्या घरात पाळणा हलतो त्या घराला तो परका नाही.

आपली रोडपाली आता पूर्वीचे आडबाजूचे खेडे राहिलेली नाही. शेजारी कळंबोलीचा पोलादाचा बाजार, पलीकडे तळोज्याचे कारखाने. कामधंद्यासाठी नाना मुलखांची माणसे येथे येतात, राहतात, पुन्हा दुसरीकडे जातात. माणसे आली म्हणजे त्यांच्याबरोबर खोकला, ताप, जुलाब ह्यांचे जंतूही येतात. जंतू हवेत आहेत, पाण्यात आहेत, आपल्या हातांवर आहेत. असे असूनही आपण बहुतेक दिवस सकाळी धडधाकट उठतो. ह्याचे कारण असे की, देहात एक राखणीची व्यवस्था अखंड जागी असते. जुन्या काळच्या एखाद्या गावाचे चित्र डोळ्यांपुढे आणले, तर ही व्यवस्था समजण्यास सोपी जाते. त्या गावास गावकूस असे, रात्री फिरणारा जागल्या असे, आणि कोण कधी आला-गेला, कोणाचे देणे-घेणे काय, हे सांगणारे दप्तर असे. देहासही ही तिन्ही आहेत.

देहाचे गावकूस म्हणजे आपली कातडी. ती अखंड असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. डोळे, नाक, तोंड ह्या वेशी उघड्या ठेवणे भाग आहे. म्हणून तेथे निराळी तजवीज आहे. अश्रूंत व लाळेत कित्येक जंतूंची कवचे फोडणारे द्रव्य असते. श्वासनलिकेत चिकट कफ असतो. त्यात धूळ व जंतू अडकतात, आणि तेथील अतिसूक्ष्म केस तो कफ सतत वर लोटीत राहतात. अन्नाबरोबर जे जंतू पोटात जातात त्यांतील पुष्कळ जठरातील तीव्र अम्लात मरतात. साधी खरचटलेली जखम धुवावी असे आपल्या आया सांगत आल्या, ते उगीच नव्हे. गावकूस जेथे पडले तेथेच चोर शिरतो.

चोर आत शिरलाच, तर जागल्यांची पाळी येते. हे जागले म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. हाडांच्या पोकळीतील मज्जेत त्या तयार होतात. त्यांतील एकाच जातीच्या पेशी, ज्या जखमेकडे सर्वांच्या आधी धावून जातात, त्या निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे शंभर अब्ज इतक्या निर्माण करते. इतका मोठा खर्च देह मुकाट्याने रोज सोसतो! १८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला त्यास दिसला. परकी वस्तू येताच देहातील पेशी तिच्याकडे चालून जातात व तिला गिळू पाहतात, हे त्यावरून त्याने ओळखले. आणि १९०८ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. काटा मोडला म्हणजे आपले बोट लाल होते, सुजते, ठणकते, ते ह्या धावाधावीमुळेच. जखमेत जो पू होतो, त्यात लढून मेलेल्या ह्याच पेशी बहुसंख्येने असतात. तापसुद्धा पुष्कळदा देह स्वतःच चढवीत असतो, कारण वाढलेल्या उष्णतेत कित्येक जंतूंची वाढ मंदावते. तान्ह्या बालकास ताप आला, किंवा कोणाचाही ताप फार वाढला, तर मात्र ह्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे धाव घेतली पाहिजे.

जागल्या प्रत्येक चोरावर सारखीच काठी उगारतो. परंतु ठराविक शत्रूस नेमके ओळखून त्याचाच बंदोबस्त करणारी आणखी एक तुकडी देहात आहे, आणि दप्तर तिच्याकडे असते. ह्या पेशी रसग्रंथींत, प्लीहेत व रक्तात वास करतात. त्यांच्यापैकी प्रत्येकीजवळ जणू एकाच कुलपाची किल्ली असते. कोट्यवधी पेशी, कोट्यवधी किल्ल्या. एखादा जंतू आला की ज्या थोड्या पेशींची किल्ली त्यास बसते, त्या झपाट्याने वाढू लागतात. पायाला जखम झाली असता जांघेत अवधाण येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती गाठ म्हणजे जेथे ही भरती चालते ते ठाणे होय. पुढे ह्यांतील काही पेशी प्रतिद्रव्ये तयार करून रक्तात सोडतात. अशी एक पेशी सेकंदाला सुमारे दोन हजार प्रतिद्रव्ये निर्माण करू शकते. ती जंतूस चिकटून त्यास निकामी करतात, किंवा जागल्यांनी गिळावा म्हणून त्यावर खूण करतात. दुसऱ्या काही पेशी, ज्यांच्या आत विषाणू दडून बसला आहे अशा आपल्याच पेशींचा नाश करतात. ज्या पेशी निरोगी घरच्यांवरच हात उगारतील, अशा पुष्कळांना देह त्यांच्या बाल्यावस्थेतच बाजूला काढतो. ह्या निवडीत जेथे उणीव राहते तेथे काही प्रकारचे संधिवात व बालवयातील मधुमेह ह्यांसारखे रोग उद्भवतात. नुसते बळ पुरत नाही, आपपर ओळखावे लागते, हा नियम देहासही लागू आहे.

ह्या तुकडीचा एक दोष आहे. पहिल्या खेपेस तिला तयार होण्यास एक आठवडा, कधी त्याहून अधिक काळ लागतो. आणि तेवढ्या अवधीत भयंकर रोग रोग्यास घेऊन जाऊ शकतो. पण तिचा गुण त्याहून मोठा आहे. रोगी वाचला, तर काही पेशी त्या शत्रूची ओळख जपून वर्षानुवर्षे राहतात. हीच देहाची दप्तरातील नोंद. तोच शत्रू पुन्हा आला म्हणजे थोड्याच दिवसांत, आणि पुष्कळदा आपल्यास कळण्यापूर्वीच, त्याचा निकाल लागतो. देवीतून उठलेल्या माणसास पुन्हा देवी सहसा येत नाहीत, हे लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक होते. मग प्रश्न असा उरतो की, रोग न सोसता ही नोंद दप्तरात कशी करावी? लस ती ह्याचसाठी. मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, अथवा त्याचा एखादा अंश, देहास दाखवावयाचा, आणि चोर येण्यापूर्वी त्याचे वर्णन दप्तरात लिहून ठेवावयाचे.

ह्या विद्येचा इतिहास आपल्या दारापाशी घडला आहे. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. पुढे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग आला आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस ह्यांनी. ते गोव्यातील हडफडे गावचे ख्रिस्ती गृहस्थ. १९०६ साली ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्या साथीत शहर ओस पडले. वांद्र्याच्या गल्ल्यांतून त्या काळी उभारलेले क्रूस आजही त्या दिवसांची साक्ष देतात.

त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ओडेसा येथे ते मेचनिकॉफ ह्यांचेच विद्यार्थी होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढविले, उष्णता देऊन ते मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती देण्यात आली. ती लस संपूर्ण संरक्षण देत नसे, परंतु तिने प्लेगचा धोका पुष्कळ कमी झाला. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

लशीच्या इतिहासात दुःखाचे पानही आहे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका हाफकिन ह्यांच्यावर आला आणि त्यांस कामावरून दूर व्हावे लागले. पुढे निष्पन्न झाले की, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. लशीची भीती वाटणाऱ्या माणसास आम्ही हसत नाही. परंतु ज्या चुकीतून तो अनर्थ झाला ती ओळखली गेली, आणि अशा प्रत्येक अनुभवातून टोचण्याची रीत अधिक स्वच्छ व सावध होत गेली, हेही त्यास सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९८० साली सर्व जगातून देवीचा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, ते ह्याच मार्गाने.

आता आजच्या काळाकडे वळू. गोवर हा पोराबाळांचा साधा आजार, अंगावर उठेल व जाईल, असे पुष्कळ घरांत अजून म्हटले जाते. हा समज घातक आहे. गोवराचा विषाणू दप्तर सांभाळणाऱ्या पेशींतच शिरतो व त्यांचा नाश करतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासले, तेव्हा त्यांच्या अंगी असलेल्या विविध प्रतिद्रव्यांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मूल गोवरातून उठले तरी पूर्वी मिळविलेली ओळख त्याच्या देहातून पुसली जाते, आणि पुढे कित्येक महिने न्यूमोनिया व अतिसार ह्यांस त्याची वेस उघडी राहते. जो चोर चोरी करून जाताना दप्तरही जाळून जातो, त्यास साधा कोण म्हणेल? लशीने मात्र दप्तर जळत नाही. त्यात भर पडते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूस, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवर पसरला आणि बालके दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. गोवंडी आपल्यापासून खाडीपलीकडे आहे, समुद्रापलीकडे नव्हे.

येथे मातांनी विशेष लक्ष द्यावे. नवजात बालकाचे दप्तर जवळजवळ कोरे असते. आई गर्भातच आपली प्रतिद्रव्ये त्यास देते, आणि प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, तीच ठेव पुढे चालविते. काही घरांत हा चीक टाकून देतात. तसे करू नये. बालकाचा पहिला वारसा तो आहे. आईने गर्भात दिलेली ही ठेव काही महिन्यांत सरते. ती असेपर्यंत गोवराची लस नीट लागू पडत नाही. म्हणून आपल्या देशात ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. पहिल्या मात्रेने शंभरांतील सुमारे १५ बालकांच्या दप्तरात नोंद उमटत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा असते. आणि नेमकी हीच चुकते. बाप कामासाठी गाव बदलतो, लसीकरणाचे कार्ड जुन्या घरी राहते, मूल धावू-खेळू लागलेले असते, आणि आता कशाला, असे म्हटले जाते.

आणि हा प्रश्न केवळ त्या एका घराचा नाही. गोवराच्या रोग्याने सोडलेला विषाणू खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत टिकतो; ज्या वस्तीत प्रतिकार नाही तेथे एका रोग्यापासून १२ ते १८ जणांस लागण होऊ शकते. शंभरांपैकी पंचाण्णवांची नोंद पक्की असेल तरच रोगास वाट मिळत नाही. आईची ठेव सरलेले सात महिन्यांचे मूल स्वतःची राखण करू शकत नाही. कर्करोगाचे औषध घेणारा शेजारीही करू शकत नाही. त्यांची राखण आपल्या दंडावरील टोचणीत आहे. संत पौलाने मंडळीस शरीराची उपमा दिली. रोगाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. ह्यात प्रार्थना आणि लस ह्यांचे वैर नाही. ज्याने देह दिला त्यानेच बुद्धीही दिली आहे.

प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाने बाटल्या व पुड्या विकणारे आज पुष्कळ झाले आहेत. त्यांवर पैसा घालण्यापूर्वी पोटभर सकस अन्न, पुरेशी झोप, स्वच्छ पाणी, साबणाने धुतलेले हात, तंबाखूचा त्याग आणि वेळेवर लस, एवढे तरी आपल्या घरी आहे काय, हे पाहावे. ह्यांतील लस सरकारी आरोग्य केंद्रात मुलांस विनामूल्य मिळते.

तेव्हा आम्ही आपणांपाशी एकच मागणे मागतो. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने पेटीतून आपल्या मुलाबाळांची कार्डे काढावीत व दुसऱ्या मात्रेचा रकाना भरला आहे की नाही, ते पाहावे. रिकामा असेल, तर उशीर झाला म्हणून संकोच न करता बालकास आरोग्य केंद्रात न्यावे. कार्ड हरवले असेल तरी जावे. तेथील परिचारिका पुढील मार्ग सांगतील. आणि ज्या शेजारणीस वाचता येत नाही, तिचे कार्ड आपण वाचून दाखवावे.