अब्रू गहाण नसते

भिवंडीत कर्ज हा शब्द कुणाला नवा नाही. आमच्याकडचा लहान मागवाला बहुधा व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर मजुरीने कापड विणतो. मजुरी उशिरा मिळते. विजेचे बिल आणि कारागिरांचा पगार मात्र थांबत नाही. मग उसनवारी होते. २०२०च्या टाळेबंदीत माग थांबले. हप्त्यांची सवलत संपली आणि फोन सुरू झाले.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एकाने कर्जाच्या अर्जात ओळखीचा म्हणून माझा नंबर दिला होता. एका रात्री दहा वाजता फोन आला : 'त्याला सांगा, उद्या मोहल्ल्यात तमाशा करू.' दुसऱ्या दिवसापासून तो नमाजलाही मागच्या गल्लीने जाऊ लागला. रक्कम फार मोठी नव्हती. त्याला खाल्ले ते लाजेने.

कर्ज, तगादा, वसुली, जप्ती हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. त्याच वाटेने अब्रूही आली. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे हे पाणी कोणत्याही कर्जाच्या कागदावर तारण म्हणून लिहिलेले नसते.

महाराष्ट्राने हा धडा पूर्वीच गिरवला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९मध्ये कायदा झाला आणि दख्खनच्या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. देणे राहिले, पण माणूस सुटला.

आजही नियम आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये, नातेवाईक-मित्रांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी बजावले आहे.

तेव्हा वसुलीवाला दारात आला तर आधी ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा. फोनची तारीख, वेळ, बोललेले शब्द वहीत लिहा. बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. मारहाणीची धमकी असेल तर सरळ पोलीस ठाणे गाठा. मोबाइलवरच्या बनावट कर्ज ॲपने फोटो पसरवण्याची भीती घातली, तर १९३० हा क्रमांक आहे. बिनपरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते.

घेतलेले पैसे फेडायचेच असतात, हे आमच्या आयाबायांनी शिकवले आहे. हप्ता जड जात असेल तर लपू नका. लेखी मुदत मागा. आणि घरात सांगा. शेजाऱ्याबद्दल असा फोन आपल्याला आला, तर ती बातमी चहाच्या टपरीवर नेऊ नका. त्याच्या दारी जा आणि तक्रारीचा अर्ज लिहायला बसा.